आंबट अन्न आणि हृदय

वैद्यकाची पदवी आमच्यापाशी नाही. कामगारांत वावरून जे पाहिले आणि फावल्या वेळी जे वाचले, तेवढेच आमचे भांडवल. आमचा एक सोबती रात्रपाळीत छातीत कळ आली तेव्हा ‘पित्त झाले’ म्हणून खायचा सोडा पाण्यातून प्याला आणि कामावर उभा राहिला. सकाळ त्याने पाहिली नाही. दुखणे हृदयाचे होते. तेव्हापासून आम्ल आणि हृदय यांचा संबंध काय, हे समजून घेण्याचा आम्ही यत्न केला.

जिभेला लागणारा आंबटपणा, जठरातले आम्ल आणि अन्न पचल्यावर शरीरात उरणारे आम्ल या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. लिंबू आंबट खरे. पण त्यातले आम्ल शरीरात जळून जाते व मागे आम्लाला मारणारे क्षार राहतात. बहुतेक फळे व भाज्या याच पक्षातल्या. उलट मांस, अंडी, धान्ये आंबट लागत नाहीत, तरी त्यांतल्या गंधकयुक्त प्रथिनांपासून आम्ल बनते. म्हणून रक्त आंबट होते काय? नाही. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ यांच्या दरम्यानच राहतो. ही राखण फुप्फुसे व मूत्रपिंडे करतात. मात्र आम्ल वाढले की मूत्रपिंडांना जादा पाळी करावी लागते.

मग सोडा घेतला की झाले? अमेरिकेत रक्तदाबाच्या व लघवीतून प्रथिन जाणाऱ्या १५३ रुग्णांवर पाच वर्षे प्रयोग झाला. तो २०२४ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला रोजच्या आहारात फळे-भाज्यांची भर, दुसऱ्याला सोड्याच्या गोळ्या, तिसऱ्याला नेहमीचे उपचार. मूत्रपिंडांची झीज पहिल्या दोन्ही गटांत मंदावली. परंतु रक्तदाब उतरला आणि हृदयविकाराचा धोका दाखवणारी लक्षणे सुधारली, ती फळे-भाज्यांच्या गटात. भाजीत पोटॅशियम असते, चोथा असतो. गोळीत ते नाही. म्हणजे सारा खेळ एकट्या आम्लाचा नव्हे.

ज्यांची मूत्रपिंडे फार बिघडली आहेत, त्यांना पोटॅशियम अपायकारक ठरू शकते. त्यांनी डॉक्टरांना विचारूनच आहार बदलावा. आणि छातीत कळ आली तर सोड्याचा पेला न शोधता दवाखाना गाठावा.

बाकीच्यांच्या डब्यात चटणी-लोणच्याशेजारी वाटीभर भाजी हवी. ती महाग आहे, हे आम्ही जाणतो. म्हणूनच पगाराची बोलणी करताना आम्ही आता उपाहारगृहातल्या भाजीचीही मागणी मांडतो. हृदयाचा प्रश्न शेवटी ताटापाशी येतो.