जुना संगणक : आधीं प्रत, मग दुरुस्ती

कौलारू घराचा मालक पावसाळ्यापूर्वीं छप्पर शाकारावयास घेतो, तेव्हां कामकऱ्यांना वर चढविण्याआधीं तो खालची धान्याची कणगी आणि कागदपत्रांची पेटी दुसऱ्या खोलींत हलवितो. फुटलेल्या कौलाऐवजीं दुसरें कौल मिळतें. भिजून गेलेल्या जुन्या पत्रांना मात्र मोबदला नसतो. घरांतील जुन्या संगणकाच्या बाबतींत हा साधा विवेक पुष्कळदां सुटतो. यंत्र मंद झालें, मधूनच बंद पडूं लागलें, कीं नवी सिस्टिम घालून घेण्याचा सल्ला कोणी तरी देतो, तो त्याच दिवशीं अंमलांत येतो, आणि दहा-पंधरा वर्षांचीं छायाचित्रें, हिशेब व पत्रें एका दुपारीं नाहींशीं होतात.

हा प्रश्न अलीकडे अनेक घरांत एकदमच उभा राहिला, याचें कारण असें. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें २०१५ सालीं बाहेर काढलेल्या विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. त्या दिवशीं कोणतेंही यंत्र बंद पडलें नाहीं, म्हणून कित्येकांना या घोषणेंत अर्थ दिसला नाहीं. परंतु पाठिंबा संपणें म्हणजे नव्यानें सांपडणाऱ्या सुरक्षिततेच्या फटी बुजविण्याचें नेहमीचें काम थांबणें. या कामाचें महत्त्व किती, तें मे २०१७ मध्यें जगाला कळलें. 'वॉनाक्राय' नांवाचा उपद्रवी प्रोग्रॅम ज्या फटींतून शिरला, तिच्यावरील दुरुस्ती कंपनीनें मार्चमध्येंच दिली होती. ज्यांनीं ती बसविली नव्हती, त्यांच्या फायली कुलुपबंद झाल्या व त्या सोडविण्यासाठीं खंडणी मागण्यांत आली. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेंतील अनेक रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. तेव्हां प्रणाली नवी करावी, हा सल्ला मुळांत बरोबरच आहे. चूक होते ती क्रमाची.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्राचे भाग आणि त्यावर चालणारे प्रोग्रॅम यांच्यामधील कारभारी. कोणत्या प्रोग्रॅमला किती रॅम द्यावी, फाइल डिस्कच्या कोणत्या भागांत ठेवावी, प्रिंटरला मजकूर कसा पोंचवावा, हें सारें तिच्याकडे असतें. ती बदलतांना कित्येक गिगाबाइट मजकूर डिस्कवर नव्यानें लिहिला जातो. डिस्क निरोगी असेल तर हें काम निर्वेध पार पडतें. पण जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्यें मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकड्या असतात, आणि वाचणारें टोक त्यांच्यापासून केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावर तरंगत असतें. वर्षानुवर्षें झिजलेल्या अशा डिस्कवर अकस्मात् एवढा भार टाकणें म्हणजे आजारी मनुष्यास गड चढावयास लावणें होय. आणि यंत्र मंद होण्याचें किंवा मध्येंच थिजण्याचें कारण पुष्कळदां प्रणाली नसून ही झिजलेली डिस्कच असते.

म्हणून पहिलें काम प्रत घेण्याचें, म्हणजे बॅकअपचें. डिस्कमधून टिकटिक ऐकूं येत असेल, ठराविक फायली उघडतांना यंत्र थबकत असेल, किंवा डिस्कच्या 'स्मार्ट' या अंगभूत तपासणींत खराब जागांची संख्या वाढत असेल, तर डिस्क दुरुस्त करणारे प्रोग्रॅम आधीं चालवूं नयेत. ते तिचा कानाकोपरा धुंडाळतात, आणि तिचें उरलेलें आयुष्य त्यांतच खर्चीं पडण्याचा संभव असतो. जें पुन्हां मिळणार नाहीं तें प्रथम उतरवून घ्यावें. गाणीं, चित्रपट व प्रोग्रॅम यांची पाळी शेवटीं. यंत्र सुरूच होत नसेल तरीही निराश होण्याचें कारण नाहीं. पेन ड्राइव्हवरून चालणारी लिनक्स प्रणाली लावून आंतील फायली बहुधा वाचतां येतात, किंवा डिस्क काढून ती यूएसबीच्या केसिंगमध्यें बसवून दुसऱ्या संगणकास जोडतां येते. टिकटिक सतत होत असेल तर मात्र यंत्र ताबडतोब बंद करून जाणकाराकडे न्यावें. प्रत्येक नवा प्रयत्न तबकडीवर नवा ओरखडा उठवूं शकतो.

प्रतींत काय काय घ्यावयाचें, याची यादी कागदावर करावी. 'डॉक्युमेंट्स' आणि 'पिक्चर्स' हे फोल्डर सर्वांना आठवतात. डेस्कटॉपवर पडलेल्या फायली, हिशेबाच्या प्रोग्रॅमचा डेटा, ब्राउझरमधील बुकमार्क आणि संगणकावरच साठविलेला ई-मेल यांचा विसर पडतो. डिस्क 'बिटलॉकर'नें कुलुपबंद असेल, तर तिची ४८ आंकडी किल्ली अगोदरच उतरवून ठेवावी. यंत्राच्या मांडणींत फरक झाला कीं ती मागितली जाण्याचा संभव असतो.

मराठी घरांत आणखी एक वस्तु हटकून राहून जाते, ती म्हणजे फॉन्ट. युनिकोड रूढ होण्यापूर्वीं श्रीलिपी, आकृति इत्यादि सॉफ्टवेअरच्या फॉन्टांत टंकलेल्या मजकुरांत सामान्यतः देवनागरी अक्षरांचे संकेत साठविलेले नसतात. तेथें रोमन अक्षरांचे व चिन्हांचे संकेत असतात, आणि त्यांना मराठी रूप केवळ तो विशिष्ट फॉन्ट देतो. नव्या प्रणालींत तो नसला, तर आजोबांच्या आठवणींची फाइल उघडते खरी, परंतु पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग उभी राहते. डोळ्यांसमोर असूनही न वाचतां येणारा मजकूर हा हरवलेल्या मजकुराइतकाच व्यर्थ. म्हणून त्या फॉन्टच्या फायलीही प्रतींत घ्याव्या, आणि जुनी प्रणाली चालू असतांनाच अशा लेखांच्या पीडीएफ करून ठेवाव्या. मजकूर युनिकोडमध्यें बदलण्याचीं साधनें उपलब्ध आहेत. मूळ फाइल व फॉन्ट हाताशीं असले कीं तें काम पुढें सवडीनें करतां येतें.

घेतलेली प्रत उघडून पाहिल्याखेरीज तिच्यावर विसंबूं नये. १९९८ सालीं अमेरिकेंतील पिक्सार या संस्थेंत 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचें काम चालू असतांना फायली पुसण्याची एक आज्ञा चुकीच्या ठिकाणीं दिली गेली आणि चित्रपटाचा बराच मोठा भाग नाहींसा झाला. संस्थेंत बॅकअपची व्यवस्था होती. पण ती नीट चालत नव्हती, हें त्याच वेळीं उघडकीस आलें. तंत्रविभाग सांभाळणाऱ्या गॅलिन सुसमन यांना नुकतेंच मूल झालें असल्यामुळें त्या घरून काम करीत असत, आणि त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची एक प्रत होती. तो संगणक पांघरुणांत गुंडाळून मोटारींतून जपून आणण्यांत आला, आणि गेलेलें काम परत मिळालें. कारखान्यांतील न तपासलेली व्यवस्था निरुपयोगी ठरली. दुसऱ्या वास्तूंतील एक प्रत कामास आली.

यावरून या क्षेत्रांतील '३-२-१' या नियमाचें मर्म ध्यानांत येतें : एकूण तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक घराबाहेर. घरगुती व्यवहारांत याचा अर्थ असा कीं एक प्रत संगणकावर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि एक इंटरनेटवरील साठवणींत किंवा नातलगाच्या घरीं. बाहेरची डिस्क काम संपतांच काढून ठेवावी. जोडलेलीच राहिली तर उपद्रवी प्रोग्रॅम तिच्यावरील फायलींनाही कुलूप घालतो. फायली आपोआप जुळवून ठेवणाऱ्या सेवेवरही सर्वस्वीं भिस्त ठेवूं नये, कारण येथें पुसलेली फाइल ती तेथेंही पुसते.

प्रत हातीं आल्यावर यंत्राचा दोष शोधावा. पंख्यांत सांचलेली धूळ, खांचेंत ढिली झालेली रॅम आणि थकलेला वीजपुरवठ्याचा संच हीं बंद पडण्याचीं नेहमींचीं कारणें होत. मदरबोर्डवरील नाण्याएवढा सेल संपला, तर घड्याळ मागें पडतें. तारीख चुकली कीं सुरक्षित संकेतस्थळें उघडत नाहींत, आणि दोष मात्र प्रणालीच्या माथीं मारला जातो. डिस्कच झिजली असेल, तर तिच्या जागीं एसएसडी बसविणें हा सर्वांत गुणकारी उपाय. त्यांत फिरणारा भाग नसतो, त्यामुळें जुनें यंत्रही चपळ होतें. यांत दुसराही लाभ आहे : नवी प्रणाली नव्या एसएसडीवर घालावयाची, म्हणजे जुनी डिस्क आहे तशी अस्पर्श राहते.

त्यानंतरच कोणती प्रणाली घालावी, याचा विचार करावा. ऑक्टोबर २०२१ मध्यें आलेल्या विंडोज ११ साठीं निदान ४ गिगाबाइट रॅम, ६४ गिगाबाइट साठवण, टीपीएम २.० ही सुरक्षिततेची सोय आणि कंपनीच्या यादींतील प्रोसेसर अशा अटी ठेवण्यांत आल्या. यंत्र त्यांत बसतें कीं नाहीं, तें कंपनीच्याच 'पीसी हेल्थ चेक' या प्रोग्रॅमनें कळतें. बसत असेल तर विंडोज १० वरून थेट चढतां येतें, आणि न रुचल्यास साधारणतः दहा दिवसांच्या आंत मागें फिरतां येतें. बसत नसेल तर आडवाटेनें ती घालण्यापेक्षां उबंटु किंवा लिनक्स मिंट यांचा विचार करावा. फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनीं १९९१ सालीं आरंभिलेल्या लिनक्सवर त्या उभ्या आहेत व विनामूल्य मिळतात. पेन ड्राइव्हवरून सुरू करून, डिस्कला हात न लावतां, त्या आधीं पाहतां येतात. प्रिंटर चालतो का, मराठी टंकतां येतें का, हिशेबाचा प्रोग्रॅम चालतो का, याची खात्री तेथेंच करून घ्यावी. विंडोजसाठीं लिहिलेले अनेक प्रोग्रॅम तेथें चालत नाहींत, हें अगोदर कळलेलें बरें.

नवी प्रणाली स्थिर झाली, फायली परत आल्या, तरी जुनी डिस्क लगेच पुसूं नये. तिच्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवून ती कांहीं महिने कपाटांत ठेवावी. काय राहिलें तें वर्षाचा हिशेब काढतांना किंवा एखाद्या लग्नाचें छायाचित्र शोधतांनाच ध्यानांत येतें. पुढें महिन्यांतील एखादा दिवस प्रत घेण्यासाठीं नेमून द्यावा, आणि त्या दिवशीं तींतील दोन-चार फायली उघडूनही पाहाव्या. या कामास अर्धा तास पुरतो.