लिपी, यंत्र आणि रोजचे लेखन

मोबाइलवरून चालणाऱ्या दैनंदिन संदेशव्यवहारात आज मराठीचा बराच मोठा भाग रोमन अक्षरांत लिहिला जातो. याचा दोष सामान्यतः लिहिणाऱ्याच्या भाषिक अनास्थेला दिला जातो. हा आरोप सर्वस्वी खोटा नव्हे; पण तो अपुरा आहे. कोणत्या लिपीत लिहावयाचे याचा निर्णय लिहिणाऱ्याच्या अभिमानाइतकाच, किंबहुना त्याहूनही अधिक, त्याच्या हातातील साधनाने घेतलेला असतो, अशी साक्ष मराठीच्या इतिहासात मिळते.

गोव्यातील रायतूर येथे १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे मराठी काव्य छापले गेले ते रोमन लिपीत. कारण देवनागरीचे खिळे तेथे उपलब्ध नव्हते. मराठी मुद्रणाच्या उगमाशीच लिपीचा निर्णय असा यंत्राने केलेला दिसतो. तथापि स्टीफन्स यांच्या रोमन लेखनास एक ठरीव पद्धत होती.

रोजचे लेखन एका लिपीत आणि ग्रंथ दुसऱ्या लिपीत, ही स्थितीही मराठीस नवी नाही. दप्तरे, हिशेब आणि पत्रे मोडीत लिहिली जात, पोथ्या बाळबोधीत. बोरू न उचलता भरभर लिहिता यावे हे मोडीचे प्रयोजन होते, आणि त्यासाठी इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद सहसा सोडून दिला जाई. तरीही ‘न’ आणि ‘ण’, ‘ल’ आणि ‘ळ’ तीत वेगळे राहिले. छापखान्याने बाळबोधीस बळ दिले. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शाळांतूनही गेली. परिणाम असा की, पणजोबांच्या हातचे पत्र वाचण्यास आज घरातल्या माणसास जाणकार शोधावा लागतो.

टंकलेखन यंत्र आले तेव्हा यंत्रासाठी लिपीच बदलावी असा विचार प्रबळ झाला. लखनौ येथे १९५३ साली भरलेल्या परिषदेने ऱ्हस्व इकाराची वेलांटीही अक्षराच्या उजवीकडे द्यावी असे सुचविले. ही सूचना टिकली नाही. पुढे संगणकाने हा प्रश्न निराळ्याच रीतीने सोडविला. १९९१ साली सिद्ध झालेल्या युनिकोड या संकेतप्रणालीत देवनागरीस प्रथमपासून स्थान आहे. तीत ‘कि’ साठविताना आधी ‘क’ आणि मग इकार नोंदला जातो. पडद्यावर उमटविताना मात्र वेलांटी आपल्या जुन्या जागी, डावीकडेच पडते. लिपीने यंत्रास शरण जाण्याचे कारण येथे उरले नाही.

मग रोमन लेखन फैलावले कसे? त्याचे एक कारण एसएमएसच्या गणितात सापडते. या संदेशाची मर्यादा १४० बाइटांची असते. तेवढ्यात रोमन अक्षरे १६० मावतात. देवनागरीची चिन्हे मात्र ७०. त्यातही प्रत्येक काना, मात्रा आणि हलन्त निराळा मोजला जातो. ‘स्त्री’ हे एकाक्षरी दिसणारे रूप सत्तरांपैकी सहा जागा घेते. संदेश लांबला की त्याचे दोन होत आणि दाम दुप्पट पडे. शिवाय अनेक जुन्या मोबाइलांवर देवनागरी उमटतच नसे. काटकसरी माणसाने रोमनकडे वळावे, यात नवल नव्हते. पुढे इंटरनेटवरून जाणाऱ्या संदेशांस ही मर्यादा उरली नाही, देवनागरीचे कळफलकही सर्वत्र झाले. पण बोटांना लागलेली सवय मागे राहिली.

या सवयीची किंमत काय? एम्, ए, एल्, ए एवढे लिहिले की ते ‘मला’, ‘माला’, ‘माळा’, ‘मळा’ यांपैकी काहीही असू शकते. संदर्भ जाणणारा वाचक आज ते बिनचूक ओळखतो. परंतु पत्र हे केवळ आजच्या वाचकासाठी नसते. लेखकाचा खाजगी पत्रव्यवहार हे वाङ्मयेतिहासाचे एक मोलाचे साधन आहे. आणि संदर्भ लोपल्यावर, प्रत्येकाच्या मर्जीने चाललेले हे लेखन मोडीहून दुर्बोध ठरण्याचा संभव आहे. मोडीस निदान वर्णमाला होती.

अलीकडे कळफलक पुढचा शब्द सुचवितो, आणि बोललेले वाक्य यंत्र देवनागरीत उतरवून देते. यामुळे लिपी परत येत आहे, ही समाधानाची गोष्ट होय. पण जो शब्द अनेकांनी अनेकदा लिहिला, तोच यंत्र पुढे करते. ‘व्हता’ म्हणणाऱ्याच्या हाती त्यामुळे ‘होता’ येण्याचा संभव अधिक. लिपी सावरताना बोली निसटण्याचा हा धोका आहे. ग्रामीण आणि दलित साहित्याने जी बोली परिश्रमाने छापील पानावर आणली, ती रोजच्या पत्रातून नकळत पुसली जाऊ नये, म्हणून हे कळफलक कोणत्या मराठीवर घडविले जातात, याकडे अभियंत्यांइतकेच साहित्यिकांनीही लक्ष दिले पाहिजे. खिळे पाडणाऱ्या कारागिरास अक्षराचे वळण सांगण्यास एकेकाळी पंडित जवळ बसत. आजचे खिळे डोळ्यांना दिसत नाहीत, एवढाच फरक आहे.