हिरोचा झुरका रीलमध्ये, इशारा मात्र गायब!

छत्रपती संभाजीनगर : सिनेमात हिरोने सिगारेट पेटवली की पडद्याखाली इशारा दिसतो. तोच सीन कापून, वर गाणं लावून रील बनवली की इशारा बऱ्याचदा गायब होतो. पैठण असो की सोयगाव, आजची पोरं थिएटरपेक्षा मोबाईलवरच जास्त बघतात. म्हणून हा विषय घराघरातला झाला आहे.

नियम काय?
सिनेमा सुरू होताना आणि मध्यंतरानंतर तंबाखूविरोधी जाहिरात, शिवाय सीन चालू असताना खाली इशारा, असा नियम 2 ऑक्टोबर 2012 पासून आहे. 1 सप्टेंबर 2023 पासून ओटीटीलाही तो लागू झाला. मात्र कुणीही बनवून टाकलेल्या रील्सना इशाऱ्याची ही सक्ती नाही.

पोरांवर परिणाम कसा होतो?
पडद्यावर सिगारेट येते ती हिरोच्या एन्ट्रीला, रागात किंवा दोस्तीत. खोकला, तोंडाचा वास, खिशातून जाणारा पैसा काही दिसत नाही. सिनेमातलं धूम्रपान पाहून मुलं सिगारेटकडे वळतात, असा स्पष्ट निष्कर्ष अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या 2012 च्या अहवालात आहे.

सारखं बघून पोरांना वाटतं, सगळेच ओढतात. खरं चित्र वेगळं आहे. 2016-17 च्या सरकारी सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात 15 वर्षांवरील फक्त 3.8 टक्के लोक धूम्रपान करतात. म्हणजे शंभरात चारसुद्धा नाहीत.

खरा धोका तोंडातला
याच सर्वेक्षणात तोंडात तंबाखू धरणारे, चघळणारे 24.4 टक्के निघाले. तंबाखूच्या जाहिरातीवर 2003 च्या कायद्याने बंदी आहे. मग मोठे स्टार वेलची नाहीतर पानमसाल्याची जाहिरात करतात आणि ब्रँडचं नाव पोरांच्या तोंडी बसतं.

थिएटरातल्या जाहिरातीतला मुकेश हराणे आठवतो का? तो शेजारच्या जळगाव जिल्ह्यातल्या भुसावळचा. गुटख्यामुळे तोंडाचा कॅन्सर झाला आणि 2009 मध्ये, वयाच्या 24 व्या वर्षी तो गेला.

घरच्यांनी काय करावं?
• मोबाईल हिसकावण्यापेक्षा सोबत बसून बघा. हिरो सिगारेट ओढतो ती पटकथेत लिहिलेली असते, हे पोराला सांगा.
• 18 वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणं गुन्हा आहे. शाळेपासून 100 यार्डांच्या, म्हणजे 300 फुटांच्या आत विक्रीलाही बंदी आहे. असं दिसलं तर शाळा समितीत विषय काढा, पोलिसांना कळवा.
• ई-सिगारेट विकण्यावर 2019 पासून देशभर बंदी आहे.
• सवय लागलीच असेल तर 1800-11-2356 या मोफत सरकारी क्रमांकावर सल्ला मिळतो.
• तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, पांढरा-लाल चट्टा दिसला, तर अंगावर काढू नका. शहरात आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, तिथं दाखवा.