‘मिशन’ आणि ‘मंडळी’ : शिरूर व दौंड परिसरातील परदेशी साहाय्याचा भाषिक विचार

ख्रिस्ती मिशनकार्याचा विचार बहुधा धर्मप्रसार, शिक्षण किंवा समाजसुधारणा या अंगांनी केला जातो. त्या कार्यास लागणारे द्रव्य समुद्रापलीकडून कोण पाठवीत असे, कोणत्या अटींवर पाठवीत असे आणि ते मिळविण्यासाठी कोणत्या भाषेत काय लिहावे लागे, हा प्रश्न मात्र सहसा बाजूला पडतो. पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड हे शेजारचे तालुके या प्रश्नाच्या अभ्यासास विशेष सोयीचे आहेत. कारण परदेशी साहाय्याच्या दोन भिन्न पद्धती येथे जवळजवळ नांदल्या.

प्रारंभी दोन शब्द लक्षात घेणे अगत्याचे आहे. ‘मिशन’ या शब्दाच्या मुळाशी ‘पाठविणे’ या अर्थाचा लॅटिन धातू आहे. पाठविणाऱ्याच्या दृष्टीने मिशन ही एक क्रिया होय. मराठीत हा शब्द रूढ झाला तो मात्र एका स्थळाचा किंवा संस्थेचा वाचक म्हणून. ‘मिशनची शाळा’, ‘मिशनचा दवाखाना’, ‘मिशन कंपाउंड’ या प्रयोगांत पाठविण्याचा अर्थ उरलेला नाही. उरली आहे ती मालकी, आणि तीही दुसऱ्या कोणाची तरी. याउलट ‘मंडळी’ हा शब्द घरातला. ‘घरची मंडळी’ म्हणताना जी आपुलकी व्यक्त होते, तीच घेऊन तो ख्रिस्ती मराठीत उपासकांच्या संघास लावला गेला. मिशनचे मंडळीत रूपांतर कसे व्हावे, हाच परदेशी साहाय्याच्या इतिहासातील मुख्य प्रश्न होता.

शिरूरचा संबंध येतो तो अमेरिकन मराठी मिशनशी. या मिशनची पालकसंस्था ‘अमेरिकन बोर्ड’ ही १८१० साली मॅसॅच्युसेट्स प्रांतात स्थापन झाली. तिचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईस आले, आणि १८३१ मध्ये अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) हे या कार्याचे प्रमुख केंद्र झाले. पुणे–नगर रस्त्यावरील, घोडनदी या नावानेही परिचित असलेले शिरूर हे लष्करी छावणीचे गाव एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या मिशनचे एक ठाणे बनले होते.

या पद्धतीची रचना अशी असे : अमेरिकेतील मंडळ्यांनी वर्गणी गोळा करावी, ती बोस्टन येथील बोर्डाकडे जावी आणि बोर्डाने ठाण्यांच्या गरजा पाहून तिची वाटणी करावी. मिशनऱ्यांचे वेतन, देशी शिक्षक व उपदेशक यांचे पगार आणि इमारतींचा खर्च यांतूनच भागे. १८६८ साली बोस्टनमध्ये स्त्रियांचे स्वतंत्र बोर्ड स्थापन झाल्यावर स्त्रीशिक्षणासाठी निराळी वर्गणी जमू लागली. या द्रव्याच्या बदल्यात ठाण्यांकडून नियमित वृत्तान्त जात, आणि त्यांतील उतारे ‘मिशनरी हेरल्ड’ या मासिकातून वर्गणीदारांपुढे येत. अर्थात हे लेखन इंग्रजीत असे. ज्यांच्याविषयी ते लिहिले जाई, त्यांना ते वाचता येत नसे. १८४२ साली अहमदनगरास सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ पत्राचे महत्त्व या संदर्भात ध्यानी येते. येथील ख्रिस्ती माणसास स्वतःच्या भाषेत बोलण्यास त्याने जागा दिली.

ही रचना कायमची असावी, असे बोर्डाच्या चालकांना वाटत नव्हते. बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन यांचे मत असे होते की देशी मंडळी स्वतःचा खर्च चालविणारी, स्वतःचा कारभार पाहणारी आणि स्वतः प्रसार करणारी झाली पाहिजे, आणि मिशनने तेथून निघून पुढे गेले पाहिजे. १८५४-५५ साली त्यांनी मराठी मुलखातील ठाण्यांस भेट दिली, तेव्हा देशी पाळक नेमणे व कार्य देशी भाषेतून चालविणे यांवरच त्यांचा भर होता.

तत्त्व सरळ होते. व्यवहार तसा नव्हता. या मंडळ्यांतील बहुसंख्य लोक महार व मांग समाजांतून आलेले, भूमिहीन किंवा अल्पभूधारक होते, आणि प्रदेश अवर्षणाचा. जेथे पोटापुरते धान्य पिकण्याचीच शाश्वती नाही, तेथे पाळकाचा पगार मंडळीने कोठून द्यावा? पगार परदेशी द्रव्यातून मिळत राहिला, आणि त्यामुळे उपदेशक हा मंडळीचा न राहता मिशनचा नोकर ठरला. या विसंगतीचे शल्य ज्यांना विशेष बोचले, त्यांत रेव्हरंड नारायण वामन टिळक हे प्रमुख होत. १९१७ साली त्यांनी मिशनची वेतनी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ या नावाने निराळा उपक्रम आरंभिला.

दौंड तालुक्यातील केडगाव येथे दुसरी पद्धत दिसते. तेथे कोणत्याही बोर्डाने पाठविलेली व्यक्ती नव्हती. पंडिता रमाबाईंनी स्वतः परदेशी जाऊन साहाय्य उभे केले होते. १८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या. १८८७ साली त्यांचे ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक फिलाडेल्फियात निघाले, आणि त्याच वर्षी बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. सभासदांनी दहा वर्षे वर्गणी देण्याचे वचन दिले. शाळेत धर्माच्या बाबतीत तटस्थता राहावी, असे ठरले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले व पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. १८९३ साली काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात यावरून वाद उसळला, आणि रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागारांनी राजीनामे दिले. एकाच संस्थेला दोन समाजांपुढे दोन भाषांत जबाब द्यावा लागतो, तेव्हा काय घडते, याचे हे बोलके उदाहरण होय.

हा द्विभाषिक व्यवहार एका बाजूचाच नव्हता. इंग्रजी पुस्तकातून रमाबाईंनी अमेरिकन वाचकास हिंदू विधवेची स्थिती सांगितली. १८८९ मधील ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ या ग्रंथातून मराठी वाचकास अमेरिकन समाजाचा परिचय करून दिला. देणाऱ्याचेही वर्णन घेणाऱ्याच्या भाषेत व्हावे, ही घटना त्या काळी विरळाच होती.

१८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांनी सारे प्रमाण बदलले. मध्य प्रांत व गुजरात येथून आणलेल्या अनाथ मुली व स्त्रिया यांमुळे केडगावची वस्ती सुमारे २,००० पर्यंत गेली. खुद्द दौंड येथे अल्बर्ट नॉर्टन यांनी मुलांसाठी अनाथगृह चालविले. १८९८ साली दहा वर्षांची मुदत संपली, नवा संघ स्थापन झाला, आणि ‘मुक्ती’ ही संस्था उघडपणे ख्रिस्ती म्हणून चालू लागली. तिचा आधार आता ठरीव वार्षिक मंजुरीपेक्षा ‘मुक्ती प्रेयर बेल’ या पत्रिकेचे वाचक आणि त्यांची ऐच्छिक देणगी यांवर अधिक होता. अशा साहाय्यात वरिष्ठ समितीचा जाच कमी असतो. परंतु दुःखाचे वर्णन सतत करीत राहण्याची निकड अधिक असते.

याच परिस्थितीत रमाबाईंनी हाती घेतलेले बायबलचे मराठी भाषांतर विशेष अर्थपूर्ण ठरते. त्यासाठी त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. संस्कृतच्या या पंडितेने संस्कृतप्रचुर भाषा बुद्ध्या टाळली. अल्पशिक्षित स्त्रीस समजेल अशी साधी मराठी हे तिचे उद्दिष्ट होते. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी निवर्तल्या. केडगावच्याच छापखान्यात छापलेले संपूर्ण भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. मंडळ्यांतील प्रचलित भाषांतराची जागा त्यास घेता आली नाही, हे खरे. तथापि परदेशी द्रव्यावर चाललेल्या संस्थेतून निघालेले हे लेखन देणगीदारासाठी नव्हते. त्याचा वाचक मुक्तीच्या आवारातच होता.

पाठविण्याची दिशाही एकच राहिली नाही. मुक्तीतील मिनी एब्रम्स या अमेरिकन कार्यकर्तीने १९०५ च्या तेथील धार्मिक जागृतीवर १९०६ साली एक पुस्तिका लिहिली. ती चिली देशातील वाल्पाराइसो येथे त्यांच्या एका मैत्रिणीकडे पोहोचली, आणि १९०९ च्या तेथील पेंटेकोस्टल चळवळीस तिने चालना दिली. येथे केडगाव हे पाठविणारे ठरले. ‘मिशन’ या शब्दाचा मूळ अर्थ जणू उलट दिशेने खरा झाला.

पुढे बोर्ड १९६१ साली दुसऱ्या संस्थेत विलीन झाले. १९७० साली नागपूर येथे उत्तर भारतीय मंडळीची स्थापना झाली. परदेशी देणग्यांवर १९७६ पासून व नंतर २०१० च्या कायद्याने शासनाचे नियंत्रण आले. तरीही मूळ प्रश्न सुटलेला नाही. साहाय्याचे मोजमाप केवळ रकमेने करणे अपुरे आहे. ज्या माणसांसाठी ते आले, त्यांचे म्हणणे त्यांच्या भाषेत कोठे नोंदले गेले, हेही तपासावे लागते. बोस्टनला गेलेले वृत्तान्त आणि येथे छापलेली मराठी पाने एकत्र वाचली, तरच मिशन कोठे संपले आणि मंडळी कोठे सुरू झाली, हे अभ्यासकास सांगता येईल.