साखर उतरवणारी गोगलगाय

गोगलगायीने मासा धरायचा म्हणजे चेष्टाच. मासा शेपटीच्या एका फटक्यात पसार होणार, आणि ही बया अजून वळतेच आहे! तरीही हिंदी आणि पॅसिफिक महासागरांतल्या प्रवाळांत राहणारी ‘कोनस जिऑग्राफस’ ही गोगलगाय मासे खाऊनच जगते. शंख साधारण पंधरा सेंटिमीटरपर्यंतचा, त्यावर तपकिरी-पांढरी सुबक नक्षी.

रात्री मासे कपारीत विसावले, की ती हळूहळू जवळ सरकते आणि तोंड पसरते. इतकं, की त्याची झोळीच होते. मासे त्या झोळीत अलगद जातात, धडपडतही नाहीत. मग आत एकेकाला दंश. तिचा दात पोकळ, काटेरी भाल्यासारखा असतो. तो एकदाच वापरायचा. पुढच्या शिकारीसाठी आत राखीव दात तयार असतात. सुंदर शंख म्हणून हातात घेणाऱ्या माणसांचेही या दंशाने जीव गेले आहेत. त्यावर उतारा नाही.

पण मासे पळत का नाहीत? 2015 साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या हेलेना सफावी-हेमामी आणि सहकाऱ्यांना तिच्या विषात चक्क इन्सुलिन सापडलं. गोगलगायींना स्वतःच्या शरीरासाठी इन्सुलिन लागतंच, पण हे ते नव्हे. विषग्रंथीतलं हे इन्सुलिन माशांच्या इन्सुलिनशी मिळतंजुळतं आहे. म्हणजे भक्ष्याचंच संप्रेरक बनवून भक्ष्यावर सोडायचं! प्रयोगात ते टोचल्यावर माशांच्या रक्तातली साखर उतरली. नुसतं पाण्यात मिसळलं तरी झेब्राफिशच्या पिल्लांचं पोहणं मंदावलं. साखर एकदम उतरली की हातपाय कसे गळतात, हे मधुमेहाच्या रुग्णांना वेगळं सांगायला नको.

खरी गंमत रेणूच्या घडणीत आहे. आपलं इन्सुलिन साठवणीत सहा-सहा रेणूंचे गठ्ठे करून बसतं. टोचल्यावर ते गठ्ठे सुटणार, मग काम सुरू होणार. गठ्ठे बांधायला मदत करणारं शेपूट गोगलगायीच्या इन्सुलिनला नाहीच. शिकारीत तेवढी उसंत कुणाला? तीच युक्ती उचलून 2020 साली शास्त्रज्ञांनी माणसाच्या इन्सुलिनचं शेपूट छाटलं आणि मोजके बदल केले. शेपूट नुसतं छाटलं असतं, तर इन्सुलिनचा जोरच गेला असता. उंदरांवरच्या चाचण्यांत हे आखूड इन्सुलिन मूळ इन्सुलिनइतकंच प्रभावी ठरलं.