पॉलिश वाळते म्हणजे काय होते?

रेडिओ, तबकडीवादक आणि ध्वनिवर्धक एकाच लांबट लाकडी पेटीत बसवलेल्या यंत्राला ‘स्टिरिओ कन्सोल’ म्हणत. अमेरिकेत १९५८ च्या सुमारास स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या आणि पुढच्या दशकात हे कन्सोल तेथील अनेक बैठकीच्या खोल्यांत दिसू लागले. आज अशी पेटी हाती आली, तर तिच्यावर पेल्यांचे पांढरे डाग आणि पॉलिशला पडलेल्या बारीक चिरा दिसतात. आपला हात सहजच काचपेपरकडे वळतो. पण थांबावे! पेटी अक्रोडाची दिसली, तरी बहुधा अक्रोडाचा एक मिलिमीटरहूनही पातळ पापुद्रा साध्या फळीवर चिकटवलेला असतो. यंत्राने घासताना तो काही क्षणांत झिजतो आणि मग पुन्हा आणता येत नाही.

म्हणून आधी पॉलिश ओळखू या. मागच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात स्पिरिटचा थेंब टाकावा. थर चिकट होऊन विरघळला, तर ते लाखेचे पॉलिश. स्पिरिटने फारसा फरक पडला नाही, पण लॅकर थिनरने थर विरघळला, तर ते नायट्रोसेल्युलोज लॅकर. त्या काळी कारखान्यांत हेच जास्त वापरत. दोन्हींनी विरघळले नाही, तर तेलाचे व्हार्निश किंवा पॉलियुरेथेन असण्याची शक्यता आहे.

असा फरक का पडतो? ‘वाळणे’ या एका शब्दात दोन वेगळ्या क्रिया लपल्या आहेत. लाख आणि लॅकर वाळतात तेव्हा केवळ द्रावक उडून जातो; रेणू सुटेच राहतात. द्रावक पुन्हा मिळाला की ते मोकळे होतात. व्हार्निशमधील तेल मात्र हवेतील ऑक्सिजन घेते आणि रेणू एकमेकांना जोडले जाऊन जाळे तयार होते. हे जाळे द्रावकाने सुटत नाही.

पहिल्या दोन प्रकारांत याचा फायदा घेता येतो. योग्य द्रावक ब्रशने हलकेच फिरवला, की थर मऊ होऊन चिरा मिटतात. काचपेपर लागतच नाही. पांढरा डाग म्हणजे थरात शिरलेला ओलावा. त्यामुळे प्रकाश विखुरतो. स्पिरिटने किंचित ओलावलेले फडके त्यावरून झरझर फिरवले, तर तो बहुधा जातो. मात्र ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या त्याच फडक्याने पुसू नयेत. त्यांतही लाखच असते!

काम सुरू करण्यापूर्वी आतील विद्युतयंत्रणा जाणकाराकडून काढून घ्यावी. वीज बंद केल्यावरही धारित्रांत विद्युतभार उरू शकतो. स्पिरिट आणि थिनर ज्वालाग्राही आहेत. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, जवळ ज्योत नसावी.

वर्गात हा प्रयोग सोपा आहे. पळस, बोर, कुसुम या झाडांवरील लाखेच्या किड्यांपासून मिळणारा चपडा स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवावा. एका लाकडी तुकड्याला तो आणि दुसऱ्याला तेलाचे व्हार्निश लावावे. आठवड्याने दोन्हींवर स्पिरिटचा थेंब टाकावा. कोणता थर पूर्ववत झाला आणि का, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्यावे.