व्हीलचेअरवरून सहल : निघण्याआधी

उताराचे गणित : रॅम्पचे प्रचलित प्रमाण १:१२. एक फूट चढायचे तर रॅम्प बारा फूट लांब हवा. सहा इंचांच्या एका पायरीलाही सहा फूट लागतात. दारात टाकलेली फळी म्हणजे रॅम्प नव्हे.

रुंदी : दाराला ९० सेंमी मोकळी जागा. खुर्ची पूर्ण वळवायला दीड मीटर व्यासाचे वर्तुळ. शौचालयात नेमके हेच अडते.

खुर्ची : हाताने ढकलायची घडीची खुर्ची गाडीच्या डिकीत मावते. बॅटरीवरची जड असते, चार-दोन पायऱ्या उचलून नेणे अवघड. वाळूत दोन्हींची चाके रुततात.

फोनवर विचारा : ‘सोय आहे’ या उत्तरावर थांबू नका. पायऱ्या किती, वाट फरसबंद की मुरमाची, गाडी कुठवर येते, शौचालयाचे दार किती रुंद? फोटो मागवलेला उत्तम.

कायदा : सुगम्य भारत अभियान ३ डिसेंबर २०१५ पासून. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. दिव्यांगत्वाचे २१ प्रकार त्यात आहेत.

तीन लेणी :
- वेरूळ : कैलास लेण्याचे प्रांगण साधारण जमिनीच्या पातळीवर; वरच्या मजल्यांना पायऱ्याच. मंगळवारी बंद.
- घारापुरी : आधी लाँचमध्ये चढउतार, मग शंभराहून अधिक पायऱ्या. डोली मिळते. सोमवारी बंद.
- अजिंठा : चढाच्या पायऱ्या, इथेही डोली. हेही सोमवारी बंद.